शेपूट सारखी म्हणजे यमक नव्हे!

पुन्हा तेच! शब्द पाठ व्हावेत म्हणून यमक जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी करा म्हटलं, की शेवटची तीन अक्षरं सारखी दिसली रे दिसली, लावली जोडी. 'कम'ला 'होम', 'लव्ह'ला 'मूव्ह'. अहो, मोठ्याने म्हणून तरी बघा!

आपलं मराठीत बरं आहे, 'घर' नि 'सर' लिहिले तसेच वाचतो. इंग्रजीची तऱ्हा निराळी. इंग्लंडातला पहिला छापखाना, कॅक्स्टनचा, १४७६ चा. पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि स्वर मात्र बदलतच राहिले. त्यामुळे एकाच 'ओयूजीएच'चे 'टफ', 'कॉफ', 'दो', 'थ्रू' आणि फांदीवाला 'बाउ' होतात. पाचांत एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही! 'टफ'ला चालतो 'स्टफ', 'थ्रू'ला 'ब्लू'.

आघात, म्हणजे बोलताना जोर, असलेल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा सगळा उच्चार सारखा हवा, त्याआधीचं व्यंजन वेगळं. म्हणून 'टेबल'ला 'एबल' चालतं, 'बबल' नाही. बघण्याचा 'सी' आणि समुद्राचा 'सी' हेही यमक नव्हे, तो एकच उच्चार झाला.

आणि अर्थ? तो म्हणे नंतर पाठ करायचा! टी-ई-ए-आर म्हणजे फाडणं असेल तर 'टेअर', जोडीला 'बेअर'; अश्रू असेल तर 'टिअर', जोडीला 'फिअर'. डब्ल्यू-आय-एन-डी वारा असेल तर 'विंड', गुंडाळणं असेल तर 'वाइंड', मग जोडी 'काइंड'शी. अर्थच माहीत नसेल तर जुळवताय काय, कपाळ?

त्यात यादीत 'ऑरेंज' आणि 'मंथ' घालणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार. बसा शोधत, धड जोडी मिळायची नाही.