जेसन रिंगेनबर्ग बालगीतांकडे वळला, तेव्हा काय झाले?

परवा कट्ट्यावर वाद रंगला तो अमेरिकन गायक जेसन रिंगेनबर्गवरून. १९८१ मध्ये नॅशव्हिलला येऊन ज्याने ‘जेसन अँड द स्कॉर्चर्स’ हा बँड उभा केला आणि कंट्री या अमेरिकन ग्रामीण संगीताला पंक या आक्रमक रॉकचा वेग दिला, त्याने पुढे डंगरी चढवून लहान मुलांपुढे ‘फार्मर जेसन’ म्हणून गावे, ही उतरती कळाच होय, असे आमच्यातल्या गिटार वाजवणाऱ्या मित्राचे म्हणणे होते. “अरे, रॉकमध्ये जम बसला नाही, म्हणून बालगीते,” असे तो ठासून सांगत होता.

मला हे मुळीच पटले नाही. जम का बसला नाही, हे आधी पाहायला हवे. १९८५ च्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ या अल्बमचे समीक्षकांनी कौतुक केले, पण रॉक वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांना हा बँड फार गावरान वाटला आणि कंट्रीवाल्यांना फार धांगडधिंग्याचा. त्यामुळे तो दोन्हीकडून उपरा राहिला आणि १९८९ च्या ‘थंडर अँड फायर’नंतर विस्कटला. नव्वदच्या दशकात ही मंडळी पुन्हा एकत्र आली खरी, पण मोठे व्यावसायिक यश काही मिळाले नाही. मित्राच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे, हे मी मान्य करतो.

शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने मात्र त्याला वेगळ्याच ठिकाणी अडवले. जेसन इलिनॉय राज्यातल्या, डुकरे पाळणाऱ्या शेतकरी कुटुंबात वाढला, तेव्हा शेतकऱ्याचा वेश हे त्याचे सोंग कसे म्हणता येईल, असे तिने विचारले. स्वतःच्या मुली लहान असताना त्याला ही कल्पना सुचली आणि २००३ मध्ये त्याचा मुलांसाठीचा पहिला अल्बम आला. त्यात ट्रॅक्टरच्या ‘चग चग चग’ आवाजावर रचलेले एक गाणे आहे. २००६ च्या अल्बममधले ‘पंक रॉक स्कंक’ तर मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो, कारण त्यात त्याने मुलांसाठी संगीत पातळ केलेले नाही. स्कॉर्चर्समध्ये जे पंक होते, तेच इथे जंगलातल्या एका प्राण्याच्या गोष्टीत आले आहे, आणि हे कंट्री की रॉक, असा प्रश्न पाच वर्षांच्या श्रोत्याला पडतच नाही.

शिवाय त्याने मोठ्यांसाठी गाणे सोडलेले नाही. २००४ मध्ये ‘एम्पायर बिल्डर्स’ आला, २०१० मध्ये स्कॉर्चर्सचा ‘हॅल्सियन टाइम्स’, आणि सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात निवासी कलाकार म्हणून राहिल्यानंतर २०१९ मध्ये ‘स्टँड टॉल’. उतरती कळा लागलेला माणूस असे काम करत नाही.

“मग दोन नावे कशाला?” हा मित्राचा शेवटचा सवाल होता. मैत्रिणीने लगेच उत्तर दिले की, मुलांना घेऊन येणाऱ्या आईबापांना रात्रीच्या क्लबातला कार्यक्रम कोणता आणि सकाळचा मुलांचा कोणता, हे जाहिरातीवरूनच कळायला हवे. मित्र तरीही आपल्या मतावर अडून आहे.