जादूगार परत येतो आणि शेळ्या राखतो

(पोस्ट मोठी आहे. त्यात अर्सुला ली ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या ‘अर्थसी’ या बेटांच्या काल्पनिक जगातल्या कादंबऱ्यांचा शेवट सांगून टाकला आहे. ज्यांना त्या कोऱ्या मनानं वाचायच्या असतील त्यांनी आधी त्या वाचा, मग इकडे या.)

गणपतीत माझा भाचा राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री सगळं आवरल्यावर त्यानं सॅकमधून एक जाड लाँगबुक काढलं. ‘मावशी, अजून कुणाला दाखवलेलं नाही. तू वाच.’

तो फँटसी कादंबरी लिहितोय, मराठीत. वही उघडली आणि मी बघतच राहिले. सात प्रकारच्या शक्ती, प्रत्येकीचा वेगळा रंग, स्केचपेननं आखलेले तक्ते. कुठली शक्ती कुठलीवर मात करते, किती वेळ टिकते, वापरल्यावर माणूस किती दमतो, सगळं मांडलेलं. मधे घडी घालून चिकटवलेला नकाशा, त्यात नद्यांनासुद्धा नावं. शंभरेक पानं यातच गेली होती. नायक आला तो शेवटच्या चार पानांत. अनाथ पोरगा, गावावर हल्ला, रानात भेटलेला म्हातारा गुरू, मग प्रवास, मग काळ्या राजाशी लढाई आणि विजय.

‘मग पुढे?’ मी विचारलं.

‘पुढे काय? जिंकला ना तो.’

उशीर झाला होता, दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं, बोलणं तिथंच राहिलं. त्याला जे सांगायचं होतं ते इथे लिहितेय, कारण मराठीत फँटसी लिहू बघणारी अशी आणखीही मुलंमुली माझ्या मित्रयादीत आहेत आणि त्यांच्या पुस्तकांची मी खरोखर वाट बघतेय.

आधी तक्त्यांबद्दल. तक्ते करण्यात काहीच गैर नाही. ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकानं 2006 साली आलेल्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये जी जादू रचली आहे, ती वाचताना मला शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला होत नव्हता तेवढा आनंद झाला होता. माणसं धातूची पूड गिळतात आणि पोटात ती ‘जाळतात’. पोलाद जाळलं की समोरच्या धातूला ढकलता येतं. पण नाणं हलकं असेल तर ते उडतं, आणि तेच नाणं जमिनीवर टेकलं की त्याला सरकायला जागा उरत नाही, मग ढकलणाराच वर फेकला जातो. एका नाण्याच्या जोरावर, कुठे पाय न टेकवता माणूस छपरावर चढतो! हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक मारामारीत आपण नायिकेच्या बरोबरीनं डोकं चालवायला लागतो. सँडरसनचं म्हणणंही तेच आहे. वाचकाला जादू जितकी कळली असेल, तितकीच लेखकानं ती अडचण सोडवायला वापरावी. आणि पुढे तो हेही म्हणतो की जादू काय करू शकते यापेक्षा ती काय करू शकत नाही यात जास्त गोष्ट असते. दोन्ही म्हणणी मला पटतात.

मला खटकतं ते वेगळं आहे. भाच्याच्या वहीत जादूची किंमत लिहिली होती, ‘दोन प्रहर थकवा’. थकवा झोपेनं जातो. जी किंमत लढाई संपल्यावर फिटते, तिला मी किंमत मानत नाही. जादूनं नायकाकडून असं काहीतरी घ्यावं जे त्याला परत मिळणार नाही. आणि त्यानं काय गमावलं, हे लढाईच्या मैदानात कळत नाही, तो घरी आल्यावर कळतं. म्हणून जादूचे नियम आणि नायकाचा प्रवास या दोन वेगळ्या वह्या नाहीतच.

अर्सुला ली ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आलं 1968 साली. छोटंसं पुस्तक आहे, दोन दिवसांत होतं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर डनी नावाचा एक पोरगा शेळ्या राखतो. आई लहानपणीच गेलेली, मावशी गावातली चेटकीण. एकदा छपरावर चढून बसलेल्या शेळीला मावशीनं चार शब्द म्हणून खाली उतरवलेलं त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी रानात त्यानं तेच शब्द ओरडून म्हटले. सगळ्या शेळ्या त्याच्याकडे धावत आल्या. आल्या त्या अंगाला चिकटल्याच. शिंगं, लोकर, पिवळे डोळे, तो मधोमध आवळलेला, आणि त्यांना सोडायचं कसं हे त्याला ठाऊक नाही. रडत, ओरडत, शेळ्यांच्या त्या गराड्यात घुसमटत तो गावात पळत आला. माझ्या मते अख्ख्या जादूचा नियम या एका प्रसंगात आहे. शब्द तोंडातून काढणं सोपं असतं, तो सोडवणं येत नाही.

त्या जगात जादू चालते खऱ्या नावावर. दगडाचं, माशाचं, वाऱ्याचं, माणसाचं जे मूळ नाव, ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता. माणसं एकमेकांना टोपणनावानं हाका मारतात आणि खरं नाव जिवलगालाच सांगतात. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे पत्रिकेतलं नावरसाचं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तेव्हा पाळण्याभोवती जमलेल्या बायका क्षणभर गप्प होतात. माझी आजी कोकणातली. दिवेलागणीनंतर ती सापाला साप म्हणायची नाही, ‘लांबडं’ म्हणायची, आणि आजोबांचं नाव तिच्या तोंडून मी उखाण्याशिवाय कधी ऐकलं नाही. नाव घेतलं की ती वस्तू जागी होते, ही भीती मी तिच्या मांडीवर बसून शिकले. म्हणून अर्थसी मला पहिल्या वाचनातच घरचं वाटलं.

या मुलाला तेराव्या वर्षी ओगियन नावाचा गुरू ‘गेड’ हे खरं नाव देतो. ओगियननं कधीकाळी भूकंप शांत केलेला असतो. पण पाऊस आला की तो झाडाखाली भिजत झोपतो, बोटसुद्धा हलवत नाही. गेड चिडतो. पाऊस परतवता येत नसेल तर जादू शिकायची कशाला? मग तो रोक बेटावरच्या विद्यापीठात जातो. तिथं एका एकाकी मनोऱ्यात नुसती नावं पाठ करायची असतात, एखाद्या छोट्या बेटाच्या काठावरचा एकेक खडक, एकेक खाडी, आणि मध्यरात्री कागदावरची शाई पुसून जाते. दुसरा एक शिक्षक खड्याचा हिरा करून दाखवतो आणि सांगतो की हा नुसता दिसण्यापुरता. खरोखरचा हिरा करायचा तर त्याचं नाव बदलावं लागेल, आणि एका खड्याचं नाव बदललं तरी सगळं जग बदलतं. (भाच्याच्या सात रंगांत हे एक वाक्य कुठेतरी असायला हवं होतं.)

गेड ऐकत नाही. एका पोराच्या टोमण्यावर इरेला पेटून तो मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो. जगाला भोक पडतं आणि त्यातून एक सावली बाहेर येते, त्याचा चेहरा ओरबाडते. ते भोक बुजवताना विद्यापीठाचा वृद्ध प्रमुख जीव गमावतो. गेड महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, त्याच्या गालावरचे व्रण कायमचे राहतात. पुढे सावली त्याच्या मागे लागते, तो पळतो, आणि ओगियन त्याला सांगतो की आता वळ, तूच तिचा पाठलाग कर. शेवटी भर समुद्रात दोघं समोरासमोर येतात आणि एकमेकांना एकाच नावानं हाक मारतात, गेड. ती सावली तोच असतो. इथे नियम आणि नायक वेगळे काढताच येत नाहीत. नावाची जादू नसती तर हा शेवट झालाच नसता.

आता प्रवासाबद्दल. ‘हीरोज जर्नी’, म्हणजे नायकाच्या प्रवासाचा ठरलेला साचा, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्बेलनं 1949 साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’मध्ये त्याचे सतरा टप्पे मांडले. निघण्याचे पाच, कसोटीचे सहा आणि परतण्याचे सहा. परतण्याचे सहा! आपण मात्र हाक, गुरू, उंबरठा आणि राक्षस एवढंच घोकतो. परतीच्या वाटेवर कॅम्बेल पहिलाच टप्पा सांगतो तो ‘परतायला नकार’, आणि त्यासाठी त्यानं उदाहरण घेतलंय आपल्या मुचकुंदाचं. देवांसाठी लढून थकलेला राजा, वर म्हणून फक्त झोप मागतो. युगानंतर गुहेत कालयवन त्याला लाथ मारतो आणि त्याच्या नजरेनं भस्म होतो, ही गोष्ट आपण कृष्णाच्या चातुर्याची म्हणून ऐकतो. पण मुचकुंद बाहेर येतो तेव्हा माणसं त्याला खुजी झालेली दिसतात. त्याच्या ओळखीचं जग संपलेलं असतं. तो घरी जात नाही, डोंगरात तपाला निघून जातो.

महाभारतात तर हे सगळं आधीच आहे. अस्त्रविद्या ही कडक नियमांची जादूच आहे. कर्णाला इंद्रानं दिलेली शक्ती एकदाच वापरता येते, ती घटोत्कचावर खर्च होते. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघंही अस्त्र सोडतात, पण अर्जुनाला ते मागे घेता येतं, अश्वत्थाम्याला नाही. (शेळ्या आठवा.) पण मला सगळ्यात जास्त हलवतं ते मौसलपर्व. युद्धाला छत्तीस वर्षं झालीत, कृष्ण गेलाय, अर्जुन द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन निघालाय. वाटेत लुटारू येतात, हातात नुसत्या काठ्या. अर्जुनाला गांडीवाला दोरी चढवताना धाप लागते. अस्त्रांचे मंत्र आठवत नाहीत. अक्षय भाते रिकामे होतात. ज्यानं एकट्यानं सैन्यं अडवली, तो काठीवाल्यांना अडवू शकत नाही, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायकांना ओढून नेतात. व्यास त्याला सांगतात की अस्त्रांचं काम झालं, ती आली तशी गेली. आम्हाला लहानपणी गोष्टी सांगणाऱ्यांनी हे पर्व कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फ्रोडोही असाच. तो दुष्ट शक्तीची अंगठी ज्वालामुखीत टाकायला गेलेला असतो आणि अगदी कड्यावर उभा राहून ‘ही माझी’ म्हणतो. काम होतं ते त्या अंगठीसाठी हपापलेल्या गॉलममुळे. घरी आल्यावर सगळे मजेत, आणि याला दरवर्षी 6 ऑक्टोबरला जुना वार ठणकतो, मार्चमध्ये पुन्हा आजारपण. ज्या गावासाठी गेला त्या गावात तो राहू शकत नाही.

आता पुन्हा गेडकडे. 1972 च्या तिसऱ्या पुस्तकात तो सगळ्या जादूगारांचा प्रमुख असतो. जिवंत आणि मृत यांच्यामधली फट बुजवताना त्याची सगळी शक्ती संपते, शेवटचा थेंबसुद्धा. ड्रॅगनच्या पाठीवर बसून तो आपल्या बेटाकडे जातो. इतर कुणीही लेखकानं इथे ‘समाप्त’ लिहिलं असतं. ली ग्विननंही लिहिलं होतं. मग अठरा वर्षांनी, 1990 साली, ती ‘तेहानू’ घेऊन आली आणि तो ड्रॅगन जिथं उतरतो तिथून गोष्ट पुढे सुरू केली.

गेड उतरतो तो अर्धमेला. टेनार त्याची शुश्रूषा करते. हिला त्यानं तरुणपणी थडग्यांखालच्या काळोखातून बाहेर काढलेलं असतं, आता ती एका शेतकऱ्याची विधवा आहे. तो बरा होतो, पण लाजेनं कुणाकडे बघू शकत नाही. राज्याभिषेकासाठी राजाची माणसं त्याला न्यायला गलबत घेऊन येतात, आणि हा महाजादूगार डोंगरात पळून जातो. तिथं तो काय करतो? शेळ्या राखतो. ज्या पोरानं सातव्या वर्षी चार शब्दांनी शेळ्या गोळा केल्या, तो म्हातारपणी त्यांच्यामागे पायी फिरतो, कुठलाही शब्द हाताशी नसताना. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडील नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी साडेआठला ते इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसायचे. गेडची लाज मला त्यांच्या त्या शर्टामुळे समजली.

बऱ्याच चाहत्यांना ‘तेहानू’ आवडत नाही. जादू नाही, लढाया नाहीत, भांडी घासणं आहे, एका भाजलेल्या मुलीला वाढवणं आहे. मला ते पाचही कादंबऱ्यांत सगळ्यात धाडसी वाटतं. एका रात्री टेनारच्या घरावर माणसं चालून येतात, त्या मुलीला न्यायला. गेड त्यांच्या मागावर आलेला असतो. एकेकाळी यानं ड्रॅगनचं खरं नाव घेऊन त्याला जागच्या जागी बांधून घातलं होतं. आता त्याच्या हातात असतो गवत उचलायचा लांब दांड्याचा काटा, आणि तो तेवढ्यावर अंधारात उभा राहतो.

‘तेहानू’ची माझी प्रत काल भाच्याच्या हॉस्टेलवर कुरिअर केली. त्या पानात खूण म्हणून त्याच्याच वहीतून गळून पडलेला, नद्यांची नावं लिहिलेला एक कपटा ठेवलाय.