खणकरांचं ‘एक मन’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

खणकरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांब आहे, तिखट आहे आणि बरीचशी मुद्द्याला धरून आहे. दोन ओळींत आभार मानून तिची बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. खणकर ही आमच्या रोलप्लेइंग गेमसाठी (टेबलभोवती बसून, एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायचा खेळ) मी रचलेली कीटकांची जात. आकार शेळीएवढा, मुक्काम जमिनीखाली, आणि एका वस्तीचं मिळून एक मन. शत्रू म्हणून समोर ठेवता येते, खेळाडूला पात्र म्हणूनही घेता येते. यावर तुमचे आक्षेप असे. मन एकच असेल तर एकाने पाहिलेलं सगळ्यांना कळणार, म्हणजे डीएमला (डंजन मास्टर, खेळ चालवणारा, इथे मी) लबाडीचा परवाना. राणी मारली की खेळ खलास, म्हणजे शेवट आधीच ठरलेला. ज्याला ‘मी’ नाही ते पात्र घेऊन खेळाडूने टेबलवर बसून करायचं काय? थोडक्यात, ‘शंभर अंगांचा एकच राक्षस’. वर तुम्ही पडलात नाशिकजवळच्या सिन्नरचे, त्यामुळे काळ्या मातीतली भुयारं पाहून आलेलं हसूही तुम्ही लपवलेलं नाही.

मातीचंच आधी बघू, कारण बाकीचं सगळं तिच्या आधाराने उभं आहे. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून त्याच भेगा गिळून टाकते. तिच्यात कायमचं भुयार टिकत नाही, एकदम कबूल. म्हणून खणकरांची वस्ती तिच्याखालच्या मुरमात आहे. नकाशातला वरचा पट्टा फक्त येण्याजाण्याच्या वाटांचा आहे आणि तो दरवर्षी बुजतो. मृग बरसला की वस्तीचा वरच्या जगाशी संबंध तुटतो, आणि दसऱ्याच्या सुमारास वाटा नव्याने निघतात. मुरमाच्या खाली काळा पाषाण. आपला दख्खनचा बसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झाला. हे थर बहुतेक आडवे आहेत, आणि दोन कठीण थरांच्या मधे काही ठिकाणी मऊ तांबड्या मातीची पट्टी सापडते. जबड्याने खणणारा प्राणी पाषाणाशी डोकं कशाला फोडेल? तो त्या पट्टीने जाणार. त्यामुळे वस्ती खोल उतरत नाही, आडवी पसरते. एका गावच्या पांढरीखाली सुरू झालेली वस्ती तिसऱ्या गावच्या विहिरीत उघडी पडू शकते. माझी आताची मोहीम, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे चालणारी गोष्ट, सुरूच होते ती एप्रिलमध्ये, विहीर खोल करायला उतरलेल्या माणसाच्या पहारीला मुरमात पोकळ आवाज लागतो तिथून. पाणी दोघांनाही हवंय. भांडण लावायला मला वेगळा खलनायक आणावा लागला नाही.

आता मन. ‘एक मन’ म्हटलं की आपण डोक्यातल्या डोक्यात चालणारा व्हॉट्सॲप ग्रुप धरून चालतो: एकाने टाकलं, क्षणात सगळ्यांची निळी टिक. माझ्या लेखात टेलिपथी कुठेच नाही. खऱ्या वाळवीतही नाही. प्येर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1959 साली वाळवीचं बांधकाम पाहून स्टिग्मर्जीची कल्पना मांडली. कामकरी वाळवी मातीचा कण ठेवते, आणि पुढचा कण कुठे ठेवायचा हे पुढचीला त्या ठेवलेल्या कणावरूनच कळतं. मुकादम नाही, हुकूम नाही, झालेलं काम होणाऱ्या कामाला ओढून नेतं.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळा सरल्यावर त्र्यंबक रस्त्याच्या कडेने एखाद्या बांधावरचं वारूळ गाठा, काडीने त्याचा बोटभर कोपरा उकरा आणि उकिडवे बसा. (हळद-कुंकू वाहिलेलं असेल तर ते सोडून दुसरं शोधा. आणि भोकात हात घालू नका, आतला भाडेकरू वाळवीच असेल असं नाही.) आधी मोठ्या डोक्याचे सैनिक येऊन तुटलेल्या काठावर जबडे उघडून उभे राहतात. मग त्यांच्यामधून वाट काढत कामकरी येतात, तोंडात ओल्या मातीचा कण घेऊन. कण काठाला टेकवायचा, डोकं हलवून दाबायचा, मागे वळायचं. बघता बघता कोरड्या फिक्या भिंतीवर ओलसर गडद कड चढायला लागते. काही कण भलत्याच जागी बसतात. त्यांच्याशेजारी दुसरा कण पडला नाही तर ते तसेच वाळून जातात. मला नियम सुचला तो या वाया गेलेल्या कणांवरून. बरोबर निघालेल्या भिंतीने एवढं शिकवलं नसतं.

नियम असा. भुयाराचा प्रत्येक तुकडा म्हणजे टेबलवर एक कार्ड. खणकर त्या तुकड्यातून गेला की कार्डावर सोंगटी ठेवतो: हिरवी म्हणजे अन्न, लाल म्हणजे धोका, पांढरी म्हणजे इथे खणा. आम्ही कॅरमच्या जुन्या सोंगट्या रंगवून घेतल्या आहेत. पुढचा खणकर काय करील हे त्या कार्डावर कुठला रंग जास्त आहे यावरून ठरतं, डीएमच्या मनात काय आहे यावरून नाही. फेरी संपली की प्रत्येक कार्डावरची एकेक सोंगटी उचलायची, कारण वास उडतो. पाणी शिरलं तर सगळ्याच उचलायच्या.

यातून काय होतं ते एका प्रसंगातून सांगतो. इंदिरानगरला एका मित्राच्या गच्चीवर आमचा खेळ चालतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, विहिरीच्या बाजूने आत शिरली. पहाऱ्यावरच्या खणकराने त्यांना पाहिलं, लाल सोंगटी ठेवली आणि मेला. आमच्यातला चोर मोठा बेरकी. त्याने प्रेताची झडती घेण्याऐवजी पखालीतलं पाणी त्या कार्डावर ओतलं. लाल सोंगटी गेली. दोन कार्डं पलीकडे खणकरांचा घोळका पांढऱ्या सोंगट्यांप्रमाणे निवांत भिंत खणत राहिला. मला डीएम म्हणून सगळं ढळढळीत दिसत होतं, आणि त्यांच्यातला एकही मला हलवता येत नव्हता. तुम्ही म्हणता तो लबाडीचा परवाना हाच ना? उलट साधे गोब्लिन (ज्याचं त्याचं डोकं वेगळं असलेले किरकोळ राक्षस) असते तर ‘त्यांनी आवाज ऐकला’ म्हणून मी खुशाल दहा जण अंगावर सोडले असते, आणि कुणी हरकतही घेतली नसती.

म्हणजे या मनाला अंतर लागतं, वेळ लागतो, ते धुता येतं, खोटंही पाडता येतं. लाल सोंगटी चोरून दुसऱ्या कार्डावर नेण्याचा उद्योग आमच्याकडे अजून कुणी केलेला नाही. तुमच्या टेबलवर कुणी केला तर जरूर कळवा.

ते मन सावकाशही आहे. मधमाश्यांचा थवा नवं घर शोधतो तेव्हा टेहळ्या माश्या नाचून आपापली जागा सुचवतात, दुसऱ्या जागेची जाहिरात करणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देऊन गप्प करतात, आणि एखाद्या जागेवर पुरेशा माश्या जमल्या की थवा उठतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. या सगळ्यात तास जातात, कधी दिवसही. खणकरांशी तह करायचा तर याच चालीने. त्यांचा कुणी वकील दरबारात येत नाही. तुम्ही तोंडाशी धान्य ठेवता, हिरव्या सोंगट्या साचतात, आणि पुढच्या हंगामात विहिरीकडची वाट त्यांनी आपणहून वळवलेली दिसते. किंवा दिसत नाही.

राणीकडे वळतो. तुम्ही सुचवलंत की राणीने सगळ्यांच्या डोक्यात बोलावं, म्हणजे नाट्य वाढेल. हा नियम मी घेणार नाही. राणी हुकूम सोडते आणि बाकीचे ऐकतात, ही माणसांनी आपल्या दरबारावरून कीटकांना चिकटवलेली गोष्ट आहे. पोळ्यातली राणी अंडी घालते. तिच्या वासामुळे ती आहे एवढं बाकीच्यांना कळत राहतं. ती गेली तर कामकरी माश्या कोवळ्या अळ्या निवडून त्यांना रॉयल जेलीवर वाढवतात आणि नवी राणी तयार करतात. पोळं हताश होऊन बसत नाही.

पण मी उचललं ते मधमाशीकडून नाही. आपल्या पश्चिम घाटात हार्पेग्नाथस सॉल्टेटर नावाची उड्या मारणारी मुंगी आहे, जमिनीखाली घर करणारी. तिच्या घरात राणी मेली की कामकरी मुंग्यांमध्ये मिशांची झुंज सुरू होते. समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना मिशांचे फटके, पुढे सरकायचं, मागे हटायचं, आणि हे आठवडेच्या आठवडे. ज्या टिकतात त्या अंडी घालू लागतात. त्यांना गेमरगेट म्हणतात. त्यांचं आयुष्य महिन्यांवरून वर्षांवर जातं, अंडाशय वाढतं, आणि मेंदू जवळपास पाचव्या हिश्शाने आक्रसतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असं दिसलं की, अशा मुंगीला पुन्हा कामकरीच्या पायरीवर आणलं तर मेंदू परत पहिल्यासारखा होतो.

आता हे वाचल्यावर ‘राणी मेली, सगळे खणकर कोसळले’ असं लिहायला हात धजेल का? माझ्या खेळात राणी मारली की वस्तीत निवडणूक लागते, आचारसंहितेशिवायची. सोंगट्यांचा नियम चालूच राहतो, पण प्रत्येक खणकर पात्राला एक झाकलेला फासा मिळतो. दर फेरीला खेळाडूने ठरवायचं: काम करायचं की झुंजायचं? सगळेच झुंजले तर भिंती दुरुस्त कोण करणार, आणि बाहेर मृगाचे ढग आलेले. जो जिंकतो त्याचं आयुष्य वाढतं, वस्ती त्याच्याभोवती फिरते, आणि बुद्धीचे दोन गुण कायमचे जातात. आमच्याकडे जिंकलेल्या मुलीने आपल्या पात्राच्या शीटवरचा ‘माणसांची भाषा’ हा कौशल्याचा रकाना खोडरबराने पुसला. पुसण्याआधी तिने पार्टीला शेवटचं एक वाक्य बोलायची परवानगी मागितली. नियमात ती नव्हती, मी दिली. वाक्य इथे लिहीत नाही, मोहीम अजून चालू आहे.

तेव्हा ‘मी’ कुठून आणायचा हे मी खेळाडूला सांगत नाही. राणीच्या माघारी तो आपोआप डोकं वर काढतो.

दुसऱ्यांदा तो डोकं वर काढतो वस्तीबाहेर. मुंगीला एकटं ठेवलं तर ती गटातल्या मुंगीपेक्षा फार लवकर मरते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कारणाचा माग लागला: एकटी मुंगी सारखी चालत राहते आणि खाल्लेलं अन्न तिच्या साठवणीच्या पिशवीतच पडून राहतं, नीट पचत नाही. हे मी जसंच्या तसं खणकरांना लावलं. पार्टीबरोबर निघालेल्या खणकराने रोज कुणाबरोबर तरी तोंडातला घास वाटून घ्यायचा, नाहीतर हिट पॉइंट (अंगात किती जीव उरलाय त्याचे गुण) उतरतात. पहिल्या दिवशी याची यथेच्छ टर उडाली. पार्टीतल्या पुजाऱ्याने ‘उष्टं चालणार नाही’ म्हणून ताट बाजूला सारलं, आणि खेळाडूने ते इतक्या ठसक्यात केलं की सगळे हसले. खणकर मात्र त्या रात्री तीन पॉइंटने खाली आला. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री वाटाड्याने काही न बोलता वाडगं पुढे केलं. तेव्हापासून तो खणकर वाटाड्याच्या झोपण्याच्या जागेभोवती हिरव्या सोंगट्या ठेवतो. असं करायला त्याच्या खेळाडूला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुजारी अजून स्वतःच्या ताटात जेवतो. शंभर अंगांच्या राक्षसाकडून एवढं निघतं का, तुम्हीच सांगा.

शेळीएवढा कीटक श्वास कसा घेणार, हा तुमचा प्रश्न. नाही घेणार. ज्या जगात ड्रॅगन उडतो तिथे एवढं चालवून घ्या. वस्ती श्वास कसा घेते हे मात्र मी हवेत सोडलेलं नाही. आपल्याकडच्या ओडोन्टोटर्मिस ओबेसस या वाळवीच्या वारुळांवर 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या कडा आधी तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा आधी निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. त्यामुळे मधल्या पोकळीत धूर सोडून खणकरांना बाहेर काढायचं असेल तर दिवसा सोडा, तो आत उतरेल. रात्री सोडलात तर तुमच्याच नाकात येईल. आमच्या पार्टीने अर्थातच रात्र निवडली.

शेवटी तुम्ही विचारलंय, एक खणकर मारल्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण) किती. शून्य. वस्तीची एखादी वाट बंद केलीत तर 50, तिची वाट बोलाचाली न करता वळवलीत तर 200. विहिरीला पाणी लागलं तर ते गुण पार्टीला मिळत नाहीत, गावाला मिळतात. त्याचा तक्ता पुढच्या लेखात टाकतो.