'बाप उपयोगी वस्तु शब्दु' आणि माझा चुकलेला आठवडा

परवा ऑफिसात एकाने माझ्या बॅगेतला ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' बघितला आणि म्हणाला, "अरे, एवढं कशाला वाचत बसतोस? याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ असेल की."

आहे. मीच बघितलाय. सार काय, तर सगळं एकच आहे, दुसरं काही नाहीच. झालं. हे कळल्यावर माझ्यात काय फरक पडला? काडीचाही नाही. असली वाक्यं रिक्षाच्या पाठीवरही वाचायला मिळतात.

मी जीएसटीची रिटर्न भरून पोट भरणारा माणूस. संस्कृत येत नाही, तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे १२९०) निदान गीतेचं बोट धरून चालते. चुकलात तर मागे श्लोक आहे. अमृतानुभवात तेही नाही. दहा प्रकरणं, सुमारे आठशे ओव्या, आणि एक जेमतेम विशीचा मुलगा कुणाच्याही ग्रंथावर भाष्य न लिहिता स्वतःच्या हिमतीवर विचार करतोय.

सहाव्या प्रकरणाचं नाव शब्दखंडन. त्याची पहिलीच ओवी:

बाप उपयोगी वस्तु शब्दु । स्मरणदानीं प्रसिद्धु ।
अमूर्ताचा विशदु । आरिसा नव्हे ॥

मी वाचलं: शब्द उपयोगी आहे, आठवण करून देण्यात प्रसिद्ध आहे, पण अमूर्ताचा आरसा काही तो नव्हे. प्रकरणाचं नावच खंडन, तेव्हा शंका यायचं कारण नव्हतं. 'बाप' म्हणजे काय ते कळलं नाही, ते सोडून दिलं. (रिटर्नमध्ये न जुळणारा आकडा असा सोडला असता तर नोटीस आली असती.) पुढच्या ओवीत मात्र गाडी अडली. तिथे ते म्हणतात, बघणाऱ्याला आरसा दाखवतो यात नवल नाही, पण या आरशाने न बघणाराही बघता होतो. आता हा कुठला आरसा? आत्ताच तर नव्हे म्हणालात ना?

आठवडाभर मी माउलींनाच चुकीत काढत होतो. शेवटी सांगलीच्या आत्याला फोन केला. तिने ओवी म्हणून दाखवली, आणि शेवटच्या शब्दाला आवाज वर नेला. "आरिसा नव्हे?" म्हणजे, आरसाच नव्हे काय! आणि 'बाप' म्हणजे 'वा रे वा'. सगळी ओवी शब्दाची स्तुती निघाली. आधी शब्दाला असा डोक्यावर घेतात आणि मग त्याच प्रकरणात त्याची झाडाझडती. शब्दाने अविद्या, म्हणजे अज्ञान, जाते म्हणता? पण अविद्या म्हणजे नावातच 'नसलेली'. जे नाहीच त्याचा नाश हा बिचारा शब्द करणार कसा?

माझ्या मते अशी पुस्तकं वाचायची ती या आठवड्यासाठी. व्हिडिओ बघताना मी एकदाही चुकलो नव्हतो. चुकायला जागाच नव्हती, कारण तिथे मला काही करायचंच नव्हतं. मान डोलवायची, बस्स. इथे एका 'नव्हे'ने मला पकडलं. समोरचा काय म्हणतोय ते ठाऊक आहे असं धरून मी वाचत होतो. आणि खरं सांगायचं तर बायकोचं, साहेबाचं, सोसायटीच्या मीटिंगमधल्या काकांचं बोलणंही मी असंच ऐकतो. फरक इतकाच की त्यांच्या बोलण्यात पुढची ओवी येऊन मला अडवत नाही.

मनःशांती वगैरे मिळते म्हणून कुणी या वाटेला जाऊ नका. मला मिळालं ते डोकं दुखणं.

आणि अवघड म्हणजे थोरच, असंही नाही. काही जुनी पुस्तकं निव्वळ पाल्हाळिक असतात, ती खुशाल ठेवून द्यावीत. सोपं करून सांगण्यातही पाप नाही. जर्मनीत कांट नावाच्या तत्त्वज्ञाचा मोठा ग्रंथ १७८१ला आला, लोकांना कळेना, तेव्हा १७८३ला त्याने स्वतःच त्यातल्या विचारांचं एक छोटं पुस्तक काढलं. आपल्या भाषेत, गाइड! फक्त ते वाचायलाही घाम फुटतो म्हणतात.

मला मात्र अमृतानुभवात एक ओवी अशीही मिळाली जिला गाइड लागलं नाही. नवव्या प्रकरणातली. डोंगर कोरून देव, देऊळ, परिवार सगळं त्याच दगडातून करतात, तसा भक्तीचा व्यवहार का नसावा? सहलीला वेरूळ बघितलं होतं तेव्हा कैलासासमोर उभं राहून आम्ही फोटो काढले आणि वडापाव खाल्ला. देव आणि भिंत एकाच दगडाची आहे हे डोळ्यांसमोर होतं, पण लक्षात आलं नव्हतं. (ओवी वाचायला मी सातवं सोडून नवव्यात उडी मारली, हेही कबूल करतो.)

आता परत सातव्यात आलोय. अज्ञानखंडन, तीनेकशे ओव्या, सगळ्यांत लांब. काल पुन्हा अडकलो आणि आत्याला फोन लावला.

"सातवं का?" ती म्हणाली. "मग मला विचारू नकोस बाबा. मीही तिथेच आहे."