शिमगा झाला की समुद्रात मासाच नसतो म्हणे!

आमच्या कराडात शिमगा सरला की दर वर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तर थेट दाजींनीच पाठवला. म्हणे होळीनंतर पाणी तापतं, मासा खोल जातो, काठावर गळ टाकून काही उपयोग नाय, वर 15 एप्रिलपासून सरकारी बंदी, आणि या दिवसांत माशाच्या पोटातली अंडी विषारी.

बंदीचं पहिलं घेतो. 15 एप्रिल ते 14 जून ही तारीख पूर्व किनाऱ्याची, तमिळनाडू-आंध्र तिकडची. आपल्या कोकणात बंदी लागते 1 जूनला, ती पण इंजिनाच्या बोटींना, बिनइंजिनाच्या होडीला सूट असते. कुणीतरी तिकडची बातमी उचलून इकडं चिकटवली, झालं.

आता काठावर मासा नाही हे. शिमग्याला बोटींवरचे खलाशी गावाला पालखीला जातात, चार दिवस बाजारात माल कमी येतो, तेवढं खरंय. पण आपली माणसं काय करतात, रविवारी सकाळी आरामात निघायचं, कोयनानगरला चहा, कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात जेवण, गुहागरला पोचेपर्यंत दुपारचे दोन, ऊन डोक्यावर, वारा सुटलेला, पाण्यावर लाटांचा फेस, तासभर गळ टाकून बसायचं आणि मग म्हणायचं मासाच नाय. अरे आधी तिथी बघा की! पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती दुपारच्या आधी भरते, म्हणजे ओहोटी संपते पहाटे, आणि रोज भरती पाऊण-एक तास पुढं सरकते. म्हणून मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची पहाट धरतो, आदल्या रात्रीच मुक्कामाला जातो. तांबडं फुटायच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी पाणी उलटं फिरून चढायला लागतं, ओल्या वाळूतली बिळं बुडबुडे सोडतात आणि त्या पाण्याबरोबर मासा चरायला आत येतो. गरीला सोललेली कोळंबी लावायची, वाळूवर टाकली तर मुडदुशी, खडकाच्या कडेला तांबोसा. मुडदुशी ओढत नाही, नुसतं टुकटुक करते, बोट दोऱ्यावर नसलं तर कळत पण नाय. ऊन तापलं की मी गाशा गुंडाळतो. मासा खोल जातो तो दुपारी, हो, पण पहाटेचं काय?

अंड्यांचं म्हणाल तर केंडाची अंडी खरंच विषारी, फुग्यासारखा फुगतो तो मासा, त्याचं यकृत पण विषारी, गळाला लागला तर सोडून द्यायचा, बारा महिने. बाकी माशांची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, लोक मागून घेतात. पापलेट मात्र 135 मिलिमीटरपेक्षा छोटं असेल तर घेऊ नका, तो नियमच आहे, पण त्यात विषाचा काय संबंध?

आणि दाजी, गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडं तव्यावरची गाबोळी भाकरीनं पुसून कुणी खाल्ली होती ते ताईला विचारा.