साय यंग पोराचा, पाठ मात्र मालकाची थोपटायची?

आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पॉल स्कीन्स याला आज, १२ नोव्हेंबर २०२५ ला, मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जाहीर झाला, तोही तीसच्या तीस मतदारांनी पहिली पसंती देऊन. बातमी कळताच मी मुलाच्या हातावर साखर ठेवली, कारण पेढे आणायला वेळ नव्हता आणि हा आनंद उद्यावर ढकलण्यासारखा नव्हता. त्यानंतर फोन उघडला, तर आमच्या पिट्सबर्गच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एका मित्राने लिहून ठेवले होते की, उठसूट पायरेट्सच्या व्यवस्थापनाला शिव्या घालणाऱ्यांनी आता तरी मान्य करावे, दिशा बरोबर आहे, पोरे तयार होत आहेत, फक्त थोडा संयम हवा. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्याला उत्तर द्यायला बसले आणि ते इतके लांबले की ग्रुपवर न टाकता इथे टाकत आहे. ज्यांना बेसबॉलमध्ये रस नाही, त्यांनी खुशाल पुढे जावे.

आधी पुरस्काराचेच बोलू. या मोसमात स्कीन्सने नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून सरासरी १.९७ धावा दिल्या आणि २१६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे फटका मारूच न देता बाद केले. एवढे करून त्याच्या नावावर विजय किती, तर १०. आणि पराभव किती, तर तेही १०. ज्याच्या चेंडूला बॅट लागणे हीच समोरच्या संघासाठी बातमी असते, तो मुलगा दहा वेळा हरलेला पिचर म्हणून नोंदला गेला, कारण त्याच्या मागे उभ्या असलेल्या संघाला धावा काढता येत नाहीत. १६२ सामन्यांत आपल्या अख्ख्या संघाने ११७ होमरन (आपल्याकडचे षटकारच म्हणा) मारले, तीस संघांत सर्वांत कमी. सिएटलच्या एकट्या कॅल रॅलीने, जो मुळात कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा, आहे, ६० मारले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरे. पण हा आड कोरडा ठेवायचा निर्णय कुणीतरी एका खोलीत बसून घेतलेला आहे आणि आज त्याच खोलीचे अभिनंदन चालले आहे.

जूनमध्ये माझे बाबा इथे आले होते, तेव्हा त्यांना मी ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्याला पायरेट्सच्या मैदानावर, पीएनसी पार्कवर, नेले. बाबांची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात झाली. खेळाचे नियम त्यांना मी पहिल्या दोन इनिंगमध्ये जमतील तसे सांगितले. त्यांनी खिशातले पेन काढले, खाण्याबरोबर मिळालेला कागदी रुमाल मांडीवर पसरला, मधोमध एक रेघ मारली आणि डावीकडे लिहिले ‘पोरगा’, उजवीकडे ‘बाकीचे’. स्कीन्सने फलंदाज बाद केला की डावीकडे एक उभी रेघ; आपल्या फलंदाजाने धाव काढली की उजवीकडे. आठ इनिंग तो पोरगा टाकत राहिला आणि एकच धाव त्याने दिली. डावीकडे रेघांची जुडी वाढत गेली आणि उजवी बाजू शेवटपर्यंत कोरी राहिली. आपण ३-० ने हरलो. बाबांनी रुमालाची घडी घातली आणि मला विचारले, “अगं, हा एकटाच राबतोय. बाकीच्यांना पगार मिळत नाही का?”

मी त्यांना सांगितले की, खरा कमी पगार त्या राबणाऱ्यालाच आहे; या वर्षी त्याला ८ लाख ७५ हजार डॉलर मिळतात, आणि या खेळात त्याच्या निम्म्याही तोडीचे नसलेले लोक त्याच्या कैक पट कमावतात. “मग सोडून का जात नाही?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. जाता येत नाही, कारण सहा मोसमांची सेवा भरेपर्यंत खेळाडू ज्या संघाकडे आहे त्याच्याच ताब्यात राहतो, आणि स्कीन्सच्या बाबतीत ही मुदत २०२९ च्या मोसमानंतर संपते. बाबा म्हणाले, “म्हणजे यांच्याकडे चार वर्षं आहेत.” बाबांना हे एका संध्याकाळीत कळले. आमच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे सामने पाहणाऱ्या लोकांना ते अजून कळत नाही, याचा मला आज मनस्वी राग आला आहे.

संयम हवा म्हणणाऱ्यांना मी फक्त इतकेच विचारते की संयमाचे फळ आजवर कुणाच्या ताटात पडले? २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, अगदी पहिल्या क्रमांकावर आपण पिचर गेरिट कोलला निवडले, तयार केले आणि २०१८ च्या जानेवारीत ह्यूस्टनला देऊन टाकले. २०२३ मध्ये त्याने साय यंग जिंकला, तो न्यूयॉर्क यँकीजच्या कपड्यांत. कोलला दिले त्याच महिन्यात अँड्र्यू मकचनलाही विकले, ज्याने २०१३ मध्ये या शहराला वीस हरलेल्या मोसमांच्या खड्ड्यातून बाहेर काढले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये क्रिस आर्चर या एका पिचरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे टॅम्पा बेला दिले. तो ग्लासनाउ या महिन्याच्या आरंभी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकणाऱ्या लॉस एंजेलिस डॉजर्सच्या संघात होता. सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगला दोन धावपटू बेसवर असताना तो आला आणि तीन चेंडूंत खेळ आटोपला. आम्ही घरी टीव्हीसमोर बसून ते पाहत होतो आणि कुणीच काही बोलले नाही. १९६० मध्ये व्हर्न लॉ याला साय यंग मिळाला, तेव्हा पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती; १९९० मध्ये डग ड्रेबेकला मिळाला, तेव्हा आपण आपल्या विभागात पहिले होतो. २०२५ मध्ये स्कीन्सला मिळाला आणि आपण ७१ विजय, ९१ पराभव घेऊन विभागात शेवटचे राहिलो. याला जर दिशा म्हणायचे असेल, तर ती कुठली ते एकदा नकाशावर दाखवा.

गेल्या हिवाळ्यात या मंडळींच्या हातात स्कीन्स होता, फलंदाजी दुबळी आहे हे पोराबाळांना माहीत होते, आणि त्यांनी आणले कोण? एका वर्षाच्या करारावर सुमारे ४० लाख डॉलरला सदतिशीतला टॉमी फॅम, आणि त्याहूनही स्वस्तात आपलाच जुना ॲडम फ्रेझर, ज्याला जुलैमध्ये पुन्हा विकून टाकले. मोसमाची सुरुवात १२ विजय आणि २६ पराभव अशी झाली, तेव्हा ८ मे रोजी मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारा प्रशिक्षक, डेरेक शेल्टनला काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! ज्याला स्वयंपाकघरात तांदूळच दिले नाहीत त्याला भात करपला म्हणून हाकलले, आणि बाजारहाट करणारे, म्हणजे खेळाडू आणणारे, जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन मात्र जागेवर शाबूत. शेल्टनच्या जागी डॉन केली आल्यावर खेळ थोडा सुधारला, हे मान्य. पण त्याच्याही हाताखाली विजयांपेक्षा पराभवच जास्त झाले, कारण माणसे तीच होती.

आणि मग डेव्हिड बेडनार. त्याच्याविषयी लिहिताना राग येत नाही, नुसते वाईट वाटते. पिट्सबर्गच्या उत्तरेला मार्स नावाचे छोटे गाव आहे, तिथला हा मुलगा. लहानपणी याच संघाचा चाहता, मोठेपणी याच संघाचा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी टिकवणारा पिचर. २०२३ मध्ये ३९ सामने त्याने अखेरच्या इनिंगमध्ये वाचवले. या वर्षी एप्रिलमध्ये त्याला खालच्या संघात, इंडियानापोलिसला, पाठवले. तक्रार न करता गेला, परतला आणि पूर्वीसारखाच टाकू लागला. शेवटच्या इनिंगला त्याचे ठरलेले गाणे लागले की मैदानातले सगळे लोक उभे राहायचे, आणि बाबांनाही ते आवडले असते, पण त्यांच्या सामन्यात वाचवायलाच काही नव्हते. ३१ जुलैला त्याला तीन तरुण मुलांच्या बदल्यात यँकीजना देण्यात आले. त्याच्या आदल्या दिवशी कीब्रायन हेज सिनसिनाटीला गेला, ज्याच्याशी २०२२ मध्ये आठ वर्षांचा ७ कोटी डॉलरचा करार मोठा गाजावाजा करून झाला होता. हेजच्या पाठीचे दुखणे आणि त्याची फलंदाजी पाहता तो सौदा अगदीच वाईट नव्हता, असे कुणी म्हणेल, आणि मी वाद घालणार नाही. पण सिनसिनाटी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, गेली, यँकीज गेले, आणि आपण आपल्या तरुण मुलांची छायाचित्रे पाहत बसलो.

सामना संपल्यावर क्लेमेंटे पुलावरून परत येताना बाबांनी मला विचारले होते की, याचा चेअरमन कोण. मी बॉब नटिंग हे नाव सांगितले, २००७ पासून संघाची सूत्रे त्यांच्याकडे आहेत हेही सांगितले. “निवडून येतो?” नाही, मालकच आहे. बाबा चालता चालता थांबले आणि म्हणाले, “दरवर्षी हरूनही याचं चालतंय, म्हणजे पैसा दारावर येत नाही, दुसरीकडून येतोय.” राष्ट्रीय टीव्हीच्या कराराचा वाटा सगळ्या संघांना सारखा मिळतो, मोठ्या शहरांच्या संघांच्या उत्पन्नातून छोट्या संघांना हिस्सा मिळतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलेच नव्हते, हिशेब खात्यातल्या माणसाला ते रुमालावरच्या कोऱ्या बाजूवरून दिसले. “आमच्या कारखान्याचंही शेवटी हेच झालं,” ते म्हणाले, “फक्त आमच्याकडं वार्षिक सभेत सभासद उठून बोलायचा. माईक बंद करायचे, ती गोष्ट वेगळी.” आपण तर सभासदही नाही. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला ‘संघ विका’ अशी घोषणा लावलेले विमान मैदानावरून फिरले, लोक तेच ओरडले, आणि आपल्या ग्रुपवर त्या वेळी याला असंस्कृतपणा म्हणणारे महाभाग होते. आमचा माईक तेवढाच आहे, दादा.

मला ठाऊक आहे की आता कुणीतरी लॉस एंजेलिसचे नाव काढणार. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही आणि डॉजर्स पाण्यासारखा पैसा ओततात, हे खरे आहे. पिट्सबर्गला ते जमणार नाही, हेही खरे. पण मिलवॉकी हे काही लॉस एंजेलिस नव्हे. आपल्याच विभागातला, आपल्यासारख्याच छोट्या शहराचा तो संघ या वर्षी ९७ सामने जिंकला, पूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. त्यांच्याकडे समुद्र नाही, हॉलिवूड नाही, थंडी तर आपल्याहून जास्त. तेव्हा गरिबीचे कारण माझ्यासमोर कुणी मांडू नये. पिचर शोधण्यात आणि घडवण्यात या व्यवस्थापनाला गती आहे, एवढे मी देईन. कॉनर ग्रिफिन हा त्यांनी २०२४ मध्ये निवडलेला शॉर्टस्टॉपही (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) नाव काढेल असे दिसते. स्वस्तात जुगार खेळायची हौस या संस्थेला जुनीच आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना, ज्यांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता, करारबद्ध केले तेही पायरेट्सनीच, आणि त्या एका गोष्टीसाठी माझ्या मनात या टोपीला कायम जागा राहील. पण पोरे शोधणे हे अर्धे काम झाले. ती कळती झाल्यावर त्यांच्याभोवती संघ उभा करायला पैसा लागतो, आणि तिथे यांचा हात खिशाबाहेर येत नाही.

यांचा हात कुठे जातो, ते याच वसंतात दिसले. मैदानाच्या उजव्या भिंतीवर पायरेट्सचे जुने थोर खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांचा २१ हा क्रमांक होता. त्या भिंतीची उंचीच त्यांच्यासाठी २१ फूट ठेवलेली आहे. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात तो माणूस गेला, नावावर बरोबर ३००० हिट्स ठेवून. तो क्रमांक काढून त्या जागी दारूची जाहिरात लावण्यात आली. क्लेमेंटे यांच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर आणि लोक खवळल्यावर क्रमांक परत लावला. चूक झाली, दुरुस्त केली, विषय संपला, असे आपल्यातले काही जण म्हणाले. माझ्यासाठी संपला नाही. क्लेमेंटे यांच्या पुतळ्यासमोर बाबांनी चपला काढून नमस्कार केला होता. मी त्यांना सांगितले होते की खेळाडू आहे, देव नव्हे, तर म्हणाले की भूकंपाला धावून गेला ना, मग झाले. ज्या माणसाने ती भिंत विकायला काढली, त्याला मी संयम का देऊ?

आज ग्रुपवर स्कीन्सलाही यँकीजकडेच जायचे आहे म्हणे, अशी कुजबुज फिरत आहे. त्याने आपले तसे काही नाही, जिंकायचे ते पिट्सबर्गमध्येच, असे सांगितले, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण आजवर या शहराकडे पाठ फिरवणारे नेहमी कार्यालयातले लोक निघाले, मैदानातले नाहीत. माझी मागणी अवाढव्य नाही. फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला सराव सुरू होण्याआधी बाजारात जे चांगले फलंदाज आहेत त्यांतले दोघे पूर्ण किंमत मोजून आणावेत, एका वर्षाच्या उसन्या कराराने नव्हे. पुढे परत आलेल्या, आता एकोणचाळिशीतल्या मकचनला खेळवायचे की सन्मानाने निरोप द्यायचा, हे त्याला समोर बसवून सांगावे, टांगते ठेवू नये. आणि स्कीन्ससमोर लांब मुदतीचा करार ठेवावा. तो नाही म्हणाला तर म्हणू दे, निदान विचारले होते असे तरी आपल्याला कळेल.

पुढच्या मोसमाच्या सामूहिक तिकिटांची यादी ग्रुपवर आत्ताच फिरू लागली आहे. यातले निदान एक तरी होईपर्यंत त्या यादीत माझे नाव घालू नये. मुलाचे मात्र घाला, त्याला स्कीन्सला टाकताना पाहायचे आहे. ज्याच्या गाडीत जागा असेल त्याने त्याला घेऊन जावे, डबा मी देईन.