आवाज कमी-जास्त करणारा एक्झॉस्ट: 'एक गुहागरकर' यांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. रागात काहीतरी लिहिलं जाईल असं वाटलं, म्हणून आठवडा जाऊ दिला.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या जुन्या निसान 370 झेडला आवाज कमी-जास्त करता येईल असा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारा पाइप, कसा बसवला, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की शनिवार-रविवारी रात्री बारा-एकला अशा गाड्या गुहागरात खालच्या पाटातून गर्जत जातात. तुमची 84 वर्षांची आई दचकून उठते आणि मग उजाडेपर्यंत तिचा डोळा लागत नाही. आवाज कमीच करायचा होता तर कंपनीचा सायलेन्सर काय वाईट होता, हाताशी बटण असलं की माणूस ते दाबणारच, आणि हे सगळं कायद्यात तरी बसतं का, असं तुम्ही विचारलंत.

बटणाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. ते मला माझ्याच चुकीतून कळलं, आणि ती चूक मी मूळ लेखात लिहिली नव्हती. आता लिहितो.

मागच्या मे महिन्यात मी गुहागरलाच आलो होतो. तेव्हा एक्झॉस्टमधली झडप (ती उघडली की आवाज वाढतो, बंद केली की कमी होतो) विजेच्या छोट्या मोटरवर चालायची. येताना वेळणेश्वरच्या बाजूला, सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर मी ती उघडली आणि तशीच उघडी ठेवून गाडी समुद्राकडच्या अंगणात लावली. गाडी तीन रात्री तिथे उभी होती. चौथ्या दिवशी पहाटे पाचला निघताना बटण दाबलं, तर झडप हलेना. खाऱ्या हवेने आणि आतल्या काजळीने तिचा दांडा धरला होता. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, तसाच निघालो. तुमचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे: अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि घरं अगदी रस्त्याला लागून. त्या भिंतींवरून आवाज परत येतो, वर निघून जायला जागाच नाही. एका ओटीवर दिवा लागला, मग शेजारच्या, मग पुढच्या. मला ते दिवे आरशात दिसत होते. त्या दिवशी चिपळूणपर्यंत मी एकदाही गाडी मजेत चालवली नाही.

तुम्ही म्हणता त्या शनिवार-रविवारच्या गाड्यांमध्ये मी नव्हतो. पण त्या पहाटेचा मीच होतो, आणि त्याबद्दल तुमची आणि तुमच्या आईंची क्षमा मागतो.

आता कंपनीच्या सायलेन्सरबद्दल. तो वाईट नव्हता, तो नव्हताच. आधीच्या मालकाने तो काढून मधल्या खोक्याशिवाय सरळ पाइप घातला होता. गाडी मी तशी घेतली तेव्हा ती आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्याने ओरडायची. मी झडप बसवली ती आवाज वाढवायला नव्हे, कमी करायला. हे मूळ लेखात स्पष्ट केलं नाही आणि उघड्या झडपेचंच कौतुक जास्त केलं, हा दोष माझा.

झडप उघडी असली की धूर सरळ नळीतून मागे जातो. बंद असली की त्याला सायलेन्सरच्या कप्प्यांतून वळणं घेत जावं लागतं. नळीला बारीक भोकं आणि भोवती काचेची लोकर असते, ती टोकदार, उंच आवाज गिळते. पण घुमणारा जाड आवाज लोकर ऐकत नाही, आणि घरात शिरतो तो हाच. कौलांतून, खिडकीच्या फटीतून तो आत येतो आणि छातीत जाणवतो. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली की आवाज वर न जाता खाली वाकतो, म्हणून दिवसा ऐकू न येणारी गाडी रात्री मैलभरावरूनही कळते. आईंना जाग येते ती याच घुमण्याने.

त्याचा बंदोबस्त आकडेमोडीने करता येतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. मिनिटाला 2400 फेरे, म्हणजे सेकंदाला 40 फेरे आणि 120 स्फोट. गावातून जाताना गाडी साधारण इथेच असते, आणि नेमकी इथेच ती घुमायची. धूर 300 अंशांच्या आसपास गरम असेल तर त्यात आवाज सेकंदाला 480 मीटर जातो. 480 भागिले 120 म्हणजे लहरीची लांबी चार मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाची, एक मीटरची, शेवटी बंद असलेली नळी मुख्य पाइपला जोडली, की आवाज त्या नळीत शिरून टोकाला आपटून बरोबर उलटा होऊन परत येतो आणि पुढून येणाऱ्या आवाजाला मारतो. तिला ना मोटर ना बटण. झडप उघडी असो की बंद, ती आपलं काम करत राहते. सगळ्या जुळणीत मला सर्वांत प्रिय ही नळीच आहे.

मोटरवाली झडप त्या मे महिन्यानंतर काढून टाकली. मोटर बंद पडली की झडप असेल तिथेच राहते, आणि किनाऱ्यावर ती कधी ना कधी बंद पडणारच. आता निर्वात डबीवर चालणारी झडप आहे. डबीतली हवा पंपाने ओढली तरच ती उघडते. रबरी नळी फाटली, पंप जळला, वायर उंदराने कुरतडली, काहीही झालं तरी स्प्रिंग तिला बंद करते. गाड्यांच्या कारखान्यांतून येणाऱ्या कित्येक झडपांत हे नेमकं उलटं असतं: हवा ओढली की बंद, नळी निघाली की उघडी. इंजिनाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे, धूर तुंबू नये म्हणून. मला माझ्या इंजिनापेक्षा तुमच्या वाडीची झोप जास्त जपायची होती, म्हणून मी उलट केलं. बंद झडपेवर इंजिन 4000 फेऱ्यांच्या वर नेत नाही, एवढीच त्याची किंमत. पाइप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका मिस्त्रीने जोडून दिला, ज्यांचं आयुष्य ट्रॉलरच्या इंजिनांत गेलंय. 304 नंबरचं स्टेनलेस मी आणलं होतं, ते त्यांनी परत पाठवलं. खाऱ्या वाऱ्याला 316 च लागतं, म्हणाले.

आणि बटण आता गाडीत नाही. डिकीत, किल्लीच्या कुलपाखाली आहे. चालवताना माझा हात तिथे पोचत नाही.

कायद्याचं सरळ सांगतो. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, ती परिसराची. गाडीची वेगळी असते. नव्या प्रवासी कारला कारखान्यातल्या चाचणीत 74 डेसिबलच्या आत राहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. आवाजाचं मानक मोडलं तर कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन महिने लायसन्सही जातं. उघड्या झडपेने रस्त्यावर गाडी चालवणं यात कुठेही बसत नाही. मी सड्यावर ती उघडली तेही बसत नव्हतं. मूळ लेखात हा परिच्छेद आज सुरुवातीलाच टाकला आहे, आणि बंद झडपेची जुळणीसुद्धा आरटीओला दाखवल्याशिवाय कोणी नक्कल करू नये असंही लिहिलं आहे.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आवाजाची आवड असलेले सगळे एकाच माळेचे मणी, असं तुम्ही म्हणता. रात्री तुम्हाला जे फटाके ऐकू येतात ते झडपेतून येत नाहीत. इंजिनाचा संगणक बदलून, मुद्दाम न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये सोडून ते तिथे पेटवलेलं असतं. त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि गाडीला काडीचाही फायदा होत नाही. ते करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण 7000 फेऱ्यांना चढत जाणारा व्ही6 चा स्वर मला लहानपणापासून हवासा वाटतो, आणि त्याला जागा आहे. कोइंबतूरच्या कारी या शर्यतींच्या ट्रॅकवर मी वर्षातून एकदा जातो. हजार किलोमीटरच्या वर प्रवास आहे. डिकी तिथे उघडतो.

हे दोन्ही एका गाडीत नांदू शकतं असं मला वाटतं, आणि तसं वाटणारा मी एकटा नाही. फोर्डच्या एका इंजिनीअरच्या शेजाऱ्यांनी त्याच्या गाडीच्या आवाजाला वैतागून पोलिसांना बोलावलं होतं. त्यातून 2018 च्या मस्टँगमध्ये 'गुड नेबर मोड' आला. ठरवून दिलेल्या वेळांत गाडी आपोआप हळू आवाजात सुरू होते. माणसाच्या हातावर विसंबायचंच नाही, ही तुमचीच सूचना झाली. माझ्या झडपेलाही असंच घड्याळ जोडतो आहे: रात्री आठ ते सकाळी आठ पंपाला वीजच मिळणार नाही, डिकीची किल्ली फिरवली तरीही.

गणपतीआधी मी हेदवीला येणार आहे. तुमची हरकत नसेल तर बंद झडपेने गाडी तुमच्या गडग्यापर्यंत आणतो. आवाज मोजायचं मीटर माझ्याकडे आहे, ते ओटीवर तुमच्या हातात देतो, आणि आत आई बसतात तिथे काय ऐकू येतं ते तुम्ही त्यांनाच विचारा. मीटरचा आकडा काहीही असो, त्या जास्त आहे म्हणाल्या तर पुन्हा मिरकरवाड्याला जाईन. सकाळी दहानंतरची वेळ कळवा, त्यांची दुपारची झोप सोडून.